जामगाव आणि पळशी : पडक्या वाड्यांचे कृष्णधवल फोटो काढायला एक दिवस

पारनेर तालुक्यातले हे दोन वाडे पुण्याहून एका दिवसात होतात. जामगावचा वाडा महादजी शिंद्यांचा, बाहेरून भुईकोटासारखा. पळशीचा वाडा होळकरांच्या पदरी असलेल्या पळशीकरांचा. गावाला तट आणि वाड्यात लाकडी कोरीवकाम. पहिला दगड, विटा आणि मातीच्या भिंतींसाठी, दुसरा लाकडासाठी, अशी मनात विभागणी करून गेलं की दिवस फुकट जात नाही.

रस्ता सोपा आहे. नगर रस्त्यानं शिरूर ओलांडून सुपे, पुण्यापासून साधारण 85 किलोमीटर. तिथून डावीकडे पारनेर आणि पुढे जामगाव. पहाटे साडेपाचला निघालं तर साडेआठपर्यंत वाड्यापाशी पोचता येतं. जामगावहून भाळवणीला नगर-कल्याण रस्ता गाठायचा, टाकळी ढोकेश्वरपर्यंत यायचं आणि आत पळशीकडे वळायचं. नकाशात शोधताना तालुक्याचं नाव टाकाच. नुसतं ‘पळशी’ लिहिलं तर सातारा जिल्ह्यातल्या पळश्याही समोर येतात. जेवण टाकळीतच उरका, पुढे भरवशाचं काही नाही.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यानंतर लगेच गेलात तर भिंतींवर हातभर गवत असतं, आणि कृष्णधवलात हे गवतच सगळ्यात जास्त छळतं. डोळ्यांना लाल वीट आणि हिरवं पान वेगळं दिसतं, पण दोघांचा उजेड जवळपास सारखा असल्यामुळे रंग काढला की दोन्ही एकाच राखाडीत मिसळतात. पडकी भिंत नुसता चिखल दिसते. म्हणून कॅमेऱ्याचा पडदा मोनोक्रोमवर (कृष्णधवलावर) ठेवा आणि फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली, घ्या. पडद्यावर राखाडी दिसतं, फाइलमध्ये रंग शाबूत राहतात, आणि कुठे काय मिसळतंय ते जागेवरच कळतं.

आता उजेडाचं. पहाटेच्या ‘सोनेरी’ उन्हाची कीर्ती रंगीत फोटोमुळे आहे. कृष्णधवलात सोनं उरत नाही, फक्त दिशा उरते. पूर्वेकडे तोंड असलेल्या दरवाजावर सकाळी आठचं ऊन समोरून पडतं. दगडाचे टाके, विटांच्या सांधी, गिलाव्याचे पोपडे सगळं सपाट होतं. त्याच भिंतीवर डिसेंबरात साडेदहा ते साडेअकराच्या दरम्यान ऊन कडेनं घासत जातं आणि प्रत्येक खाचेला सावली मिळते. पश्चिमेच्या भिंतीसाठी हीच वेळ दुपारी दीड ते अडीच. तेव्हा पोचल्यावर आधी होकायंत्र काढा, कुठली भिंत कुठे पाहते ते कागदावर लिहा, मगच ट्रायपॉड उघडा. ही पंधरा मिनिटं फार लोक घाईत टाळतात.

चौकाचं, म्हणजे वाड्याच्या आतल्या अंगणाचं, गणित वेगळं. डिसेंबरात या भागात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 47 अंशांवर असतो. चौक जितका रुंद तितकीच भिंत उंच असेल, तर ऊन उत्तरेकडच्या सोप्याच्या (चौकाकडे उघड्या ओसरीच्या) पायापर्यंत जेमतेम पोचतं. चौकाच्या फरशीवर ऊन आलं की तिथून उसळलेला उजेड सोप्यात शिरतो आणि खांबांच्या वरचे हस्त (तुळईला आधार देणारे लाकडी तुकडे), महिरपी खालून उजळतात. पळशीत म्हणूनच बारा ते दोन ही वेळ आतल्या लाकडासाठी राखावी. छायाचित्रकार एरवी हीच वेळ जेवणात घालवतात.

आतबाहेरच्या उजेडात फरक केवढा? उन्हातला चौक एफ/8 (लेन्सच्या छिद्राचं माप), आयएसओ 100 (संवेदनशीलता) ला 1/250 सेकंद मागतो, आतला सोपा तिथेच 1 सेकंद. म्हणजे आठ स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं पाच फ्रेम घ्या : 1/250, 1/60, 1/15, 1/4 आणि 1 सेकंद. संगणकावर या फ्रेम जोडताना सगळं सारखं उजळू नका. सोप्याचा कोपरा काळाच राहू द्या, वाडा अंधाराचाच होता. मोबाइलची आपोआप होणारी एचडीआर (अनेक एक्स्पोजरची जोडणी) नेमकी हीच चूक करते; ती बंद करा, चौकाच्या फरशीवर बोट दाबून एक्स्पोजर लॉक करा आणि एक स्टॉप खाली आणा.

फिल्मवर काम करणाऱ्यांनी आयएसओ 400 ची फिल्म मीटरवर 200 धरून मोजावी आणि डेव्हलपिंगचा वेळ 15 ते 20 टक्के कमी करावा. एक्स्पोजर एका सेकंदाच्या पुढे गेलं की फिल्म मंद होते. इलफर्डच्या एचपी5 प्लस या कृष्णधवल फिल्मला मीटरनं 4 सेकंद सांगितले तर 6 द्या, 10 सांगितले तर 20. लाल फिल्टर तीन स्टॉप खातो, पिवळा एक. निळं आकाश लाल फिल्टरनं काळवंडतं हे खरं, पण धुरकट आकाशात काळवंडायला निळं काही नसतंच. अशा दिवशी आकाश चौकटीबाहेर ठेवा.

लेन्स 24 आणि 50 मिलिमीटरच्या पुरतात. कॅमेरा वर कलवला की खांब आत झुकतात, म्हणून तो पाणसळीत सपाट ठेवा आणि वर जागा हवी असेल तर मागे सरका. मागे भिंत असेल तर कडेला 15 ते 20 टक्के मोकळी जागा सोडून काढा, म्हणजे संगणकावर सरळ करताना कळस कापला जात नाही.

माडीवर जायचं की नाही, हा खरा प्रश्न. वाडा वरून मरतो. कौलं किंवा धाब्याची माती सरकते, पाणी भिंतीच्या माथ्यात मुरतं, पांढऱ्या मातीचा गाभा विरघळतो आणि विटांचा थर बाहेर फुगतो. तुळईचं टोक भिंतीत असतं, ते तिथेच आधी कुजतं. मध्यावर ठोकलं तर टणक आवाज येतो आणि तरीही ती टोकाशी सुटते. म्हणून आवाजावर विश्वास ठेवू नका. खालून पाहा : तुळई भिंतीत शिरते तिथे ओल, पांढरी बुरशी किंवा भुसा दिसला तर वर पाय ठेवायचा नाही. फुगलेल्या भिंतीखाली ट्रायपॉड लावायचा नाही. दरवाजाच्या कमानीत आग्या मोहोळ आहे का ते लांबूनच बघा. असेल तर फ्लॅश, अत्तर, सिगारेट काहीच नको. वटवाघळांच्या खोलीत मास्क, पडलेल्या लाकडाखाली हात नाही, बळदाच्या (धान्याच्या जुन्या कोठीच्या) तोंडावर पाय नाही.

वाडे पडके असले तरी बेवारस नाहीत. शेजारच्या घरात विचारा, किल्ली कुणाकडे असते ते तिथेच कळतं. देवघर आणि राहती खोली विचारल्याशिवाय काढू नका. ट्रायपॉडच्या पायांना रबरी टोप्या लावा, शेणानं सारवलेल्या जमिनीवर लोखंडी टोक रुतून खड्डा पडतो. गिलावा ओला करून ‘पोत उठवणारे’ लोकही भेटतात. पाणी हाच त्या भिंतीचा रोग आहे, त्यांना हात जोडून थांबवा.

घरी आल्यावर लाइटरूममध्ये (फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एकेका रंगाचा उजेड कमीजास्त करणाऱ्या पट्ट्या असतात; पहिला सापळा पिवळ्या पट्टीचा. झाडांची पानं हिरव्यापेक्षा पिवळ्या पट्टीत जास्त असतात, आणि पांढरी मातीही तिथेच. पिवळा खाली ओढला की झुडूप गडद होतं, सोबत भिंतही. त्यामुळे आधी नारिंगी वर घ्या, वीट आणि सागवान उजळतं. मग हिरवा खाली. पिवळ्याला शेवटी आणि थोडाच हात लावा. न जमलं तर झुडपावर मास्क टाका. क्लॅरिटी (कडांचा उठाव वाढवणारी पट्टी) 15-20 च्या वर गेली की कौलांच्या कडेला पांढरी झालर उमटते आणि छापल्यावर ती आणखी डोळ्यांत भरते.