सासवडच्या जुन्या घराचे कागद शोधताना: माझा अनुभव

आईचं माहेर सासवडचं, कऱ्हेच्या बाजूला जुनं घर आहे, आणि ते कधीचं असं कुणी विचारलं की मामा बिनधास्त 1865 सांगतो कारण कौलांवर ते साल उठवलेलं आहे. पण 1865 हे मंगलोरला बासेल मिशन या मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना सुरू झाला ते साल, ते कौलांवर छापलेलं असायचं, म्हणजे त्यावरून एवढंच कळतं की वरचं छप्पर त्यानंतरचं आहे. खालचं दगडी जोतं, हातभर जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, दिंडी दरवाजा हे सगळं त्याच्याही आधीचं वाटतं, पण नुसतं वाटून काय उपयोग, कागद पाहिजे.

मी पुण्यात राहत असल्यामुळे आधी सरळ पेशवे दफ्तरात, म्हणजे जुन्या सरकारी कागदांच्या संग्रहात जायचं डोक्यात होतं, काउन्सिल हॉलजवळची ती 1891 ची इमारत. तिथल्या एका जाणकारांनी नीट समजावलं की साध्या माणसाचं घर सरकारी दफ्तरात कधी येतं, तर इनाम असेल, तंटा झाला असेल किंवा कर बसला असेल तेव्हाच, म्हणून आजच्या कागदापासून मागे मागे जा. हा सल्ला लाखमोलाचा निघाला. मालमत्ता पत्रक ऑनलाइन मिळालं, त्यावरचा सिटी सर्व्हे नंबर घेऊन चौकशी नोंदवहीच्या (सिटी सर्व्हे होताना कुठली जागा कुणाची ते लिहिलेलं रजिस्टर) नकलेसाठी अर्ज केला. इथे मात्र खूप रखडलं, रजिस्टर जीर्ण आहे, साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या, जे सगळीकडे असतं तेच.

नक्कल हातात आली आणि त्यात धारक म्हणून पणजोबांचं नावच नाही! नाव होतं त्यांच्या विधवा बहिणीचं. घरात आम्ही तिच्याबद्दल एवढंच ऐकलेलं की आत्याबाई मागच्या खोलीत राहायच्या, भावानं सांभाळलं त्यांना. नोंदीत खरेदीखताचा उल्लेख होता, मग मामीनं देवघराच्या फडताळातलं जुनं दप्तर काढलं आणि त्यात ते खत निघालं, मोडी लिपीत.

मोडी वाचणारे एक काका मिळाले, त्यांनी बोटानं एकेक ओळ दाखवली, बोरू न उचलता लिहिलेलं, शब्दात जागा नाही, कुठे शब्द संपतो तेच आपल्याला कळत नाही. तारीख शके सालात, त्यात 78 मिळवले की इसवी सन (वर्षाच्या शेवटचे महिने असतील तर 79). पेशवाईतला कागद असेल तर शुहूर सन असतो, तो मृगाला बदलतो आणि त्यात 599 किंवा 600 मिळवायचे, हेही त्यांनीच सांगितलं. आमचं खत एवढं जुनं नव्हतं. पण त्यात स्वच्छ लिहिलंय की हे घर सावकाराकडून आत्याबाईंनी स्वतःचे दागिने मोडून घेतलं. म्हणजे त्या भावाच्या आश्रयाला नव्हत्या, भाऊच बायकोपोरांसकट त्यांच्या घरात राहत होता. मला ते ऐकून खूप भरून आलं, आईला फोन लावला तर ती बराच वेळ काही बोललीच नाही, मग म्हणाली की वडाच्या पूजेला तरी त्यांना पुढे कधी बसवलं असेल का गं कुणी.

खतात खणांची (दोन खांबांमधल्या जागेची) मोजणी आहे, चतुःसीमा म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी आहेत, आणि परसात आड आहे असंही लिहिलंय. आड तर आमच्यापैकी कुणीच बघितलेला नाही! मागच्या मोरीची फरशी दर पावसाळ्यात खचते, बहुतेक तिथेच तो बुजवलेला असणार. खतात दक्षिणेच्या भिंतीपासून आडापर्यंतचं अंतर हातांमध्ये दिलंय, ते मोजून घेतल्याशिवाय मागे बाथरूमचं काम काढू नको असं मामाला सांगितलंय, आणि आत्याबाईंच्या नावानं सनद, म्हणजे धारक असल्याचा सरकारी दाखला, निघाली होती का त्यासाठी नकलेचा दुसरा अर्ज टाकलाय.