सायबाच्या फेस्ताला चालत जाताना

सावंतवाडी-बेळगावकडून लोक दिवसच्या दिवस चालत जुन्या गोव्याला येतात, त्यामानाने आमचं म्हापशाहून जाणं म्हणजे काहीच नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर म्हणजे आमचा सायब; त्याची नोव्हेना, म्हणजे सणाआधीची नऊ दिवसांची प्रार्थना, २४ नोव्हेंबरला सुरू होते, फेस्त (सण) ३ डिसेंबरला. आम्ही आदल्या रात्रीच निघालो, ऊन नको म्हणून. पर्वरीपर्यंत रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चालू होती, मग पाय दुखायला लागले आणि गप्पा सुरू झाल्या.

ग्रुपमधला एक पोरगा म्हणाला, "आंटी, मेल्यावर देव हे चाललेलं धरणार ना हिशोबात?" आंटी लहान मुलांना धर्मशिक्षण देतात. म्हणाल्या, "बायबलातला मत्तय २५ वाच रे बाबा. कोण किती चालला ते तिथे विचारतच नाहीत. भुकेल्याला जेवू घातलंस का, आजाऱ्याला, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच." मला त्या अध्यायातलं भारी काय वाटतं, तर दोन्ही बाजूचे लोक चकित होतात, प्रभू, तू उपाशी कधी होतास, आम्हाला दिसलाच नाहीस! म्हणजे ज्यांनी चांगलं केलं त्यांनीपण मोजून ठेवलं नव्हतं.

आणि आज्ञा पाळणं म्हणजे काय ते झेवियरकडे बघा ना. १५४० मध्ये भारतात यायचं होतं त्याच्या सोबत्याला, बोबादिल्याला, तो आजारी पडला, त्यांच्या जेझुइट संघाचा प्रमुख इग्नेशियस, त्याने याला सांगितलं आणि हा फाटके कपडे शिवून लगेच निघाला. ६ मे १५४२ ला गोव्यात पोचला आणि राहिला कुठे, तर हॉस्पिटलात, तुरुंगातही जायचा, रविवारी कुष्ठरोग्यांकडे. १५४४ च्या पत्रात त्याने युरोपातल्या शिकलेल्यांना सुनावलंय की देवाने दिलेल्या गुणांचा हिशोब तो मागणार आहे, त्याचाही जरा अभ्यास करा. (याच माणसाने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाकडे इन्क्विझिशन (धर्मद्रोहाचे आरोप चालवून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय) मागितलं, आणि सायब असला तरी ते मी त्याच्या खात्यातून पुसत नाही.)

रायबंदरच्या आसपास एक अंकल हळूच म्हणाले, घराच्या वाटणीवरून भावाशी बोलणं बंद आहे. आंटी लगेच, "मत्तय ५, अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी भावाशी समेट कर."

"मग आता काय परत म्हापशाला जाऊ?" अंकल चिडलेच.

"फोन आहे ना खिशात?"

एवढ्या पहाटे भाऊ उचलणार नाही म्हणून त्यांनी व्हॉट्सॲप उघडलं, लिहिलं, पुसलं, परत लिहिलं, शेवटी नुसतं 'फेस्ताला येतोस?' एवढंच पाठवलं. आंटी म्हणाल्या, "बरं झालं, आता पाय उचला, मिस्सेला जागा मिळायची नाही."