ब्रिजच्या बोलीत फोर नो ट्रंपनंतर मध्येच कोणी तडमडलं तर?
हार्ट ट्रंप (हुकूम) ठरलेत, तुम्ही फोर नो ट्रंप म्हणून पार्टनरला त्याच्याकडचे एक्के विचारलेत आणि डावीकडचा प्रतिस्पर्धी मध्येच फाइव्ह क्लब टाकतो. घाबरायचं काय त्यात, उलट दोन जादा उत्तरं फुकट मिळाली, पार्टनरने डबल (समोरच्यांच्या बोलीचे गुण वाढवणारी बोली) दिला तर एक्का शून्य, पास दिला तर एक, फाइव्ह डायमंड म्हणजे दोन, पुढे तसंच चढत जायचं, यालाच डोपी म्हणतात. खरी पंचाईत त्याने फाइव्ह स्पेड टाकला तर, कारण स्पेड हार्टच्या वर, म्हणजे फाइव्ह हार्टवर थांबणं तर गेलंच, तिथे मला डेपो बरं वाटतं, डबल म्हणजे एक्के सम, पास म्हणजे विषम. आणि व्हल्नरेबिलिटी (कोणत्या जोडीला त्या डावात बक्षीस आणि दंड मोठा) बघा हो! प्रतिस्पर्धी नॉन-व्हल (व्हल्नरेबल नसलेले) असतील तर डबल होऊन पाच डाऊन (पाच हात कमी) गेल्याचे आपल्याला ११००च, आपलं व्हल्नरेबल सिक्स हार्ट जमलं तर १४३०. त्यामुळे नुसता डबल मारून खूश होऊ नका.