मुंबईचे साडेनऊ, लंडनचे चार

हिवाळ्यात रविवारी मुंबईत रात्रीचे साडेनऊ होतात, तेव्हा लंडनमध्ये दुपारचे चार वाजलेले असतात. भायखळ्याला, गिरगावात आई-बाबांची जेवणं आटोपलेली असतात, इकडे लंडनमध्ये राहणारी त्यांची मुलं चर्चहून परतलेली. कौटुंबिक प्रार्थनेला हीच वेळ धरा. मार्चच्या शेवटच्या रविवारी इकडची घड्याळं तासभर पुढे जातात, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. मुंबईची वेळ पक्की ठेवा, नाहीतर त्या दोन रविवारी घोळ होतो.

वीस मिनिटं पुरतात: एक गीत, बायबलमधली पाच-सहा वचनं, ज्यासाठी प्रार्थना हवी त्या विनंत्या, प्रभूची प्रार्थना. फोनवर आवाज मागे पडतो, म्हणून दोन्हीकडून एकदम गाऊ नका. एका घराने गावं, दुसऱ्याने माइक बंद करून साथ द्यावी.

मग आठवडाभर सरावाच्या गुणांकडे वळा. बायबलमधल्या गलतीकरांस पत्र 5:22-23 मध्ये प्रीतीपासून इंद्रियदमनापर्यंत नऊ गुण आहेत, पण पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना आत्म्याचं 'फळ' म्हणतो, एकवचनी. तरीही सराव एकेकाचाच करावा. प्रत्येकी दोन आठवडे दिले, तर अठरा आठवड्यांत एक फेरी होते. 'सहनशील व्हायचं' असं नुसतं ठरवून काही होत नाही. जागा नेमावी लागते. चार जणांच्या फ्लॅटमध्ये ती जागा बहुधा स्वयंपाकघर असते. दुसऱ्याची खरकटी भांडी सिंकमध्ये दिसली की फ्लॅटच्या ग्रुपवर फोटो टाकायचा नाही. मत्तय 18:15 प्रमाणे आधी त्याच्याशी, दोघंच असताना बोलायचं.

झोपताना जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांची दिवसाची उजळणी करा: आभार, प्रकाशासाठी मागणं, दिवसावर नजर, क्षमा, उद्याचा एक निश्चय. दहा मिनिटं खूप झाली. निश्चय दोन केले की एकही पाळला जात नाही.

सगळं बिघडतं ते बहुतेक विनंत्यांच्या वेळी. आईने 'चर्चला गेलास ना?' विचारलं की प्रार्थनेची उलटतपासणी होते आणि मुलगा पुढच्या रविवारी फोन उचलत नाही. तिसऱ्याच्या घरातली भांडणं विनंती म्हणून सांगणं ही तर चहाडीच. ज्याची विनंती, त्यानेच ती मांडावी.

आणि इफिसकरांस 4:26. सूर्य मावळण्याआधी राग सोडायचा, पण डिसेंबरात लंडनचा सूर्य चारच्या आधीच बुडतो, माणूस अजून कामावर असतो. तेव्हा जेवणाच्या सुट्टीतच फोन करून मिटवून टाका.