ओपलच्या मुलखात कॅरव्हॅन नेताना

दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट ऑगस्टाहून कूबर पीडी, म्हणजे ओपल या रत्नाच्या खाणींचं गाव, स्टुअर्ट हायवेने साधारण ५४० किलोमीटर. रस्ता डांबरी, सरळसोट, म्हणून भारतातून आलेल्या पाहुण्यांना फार सोपा वाटतो. मात्र वाटेतलं ग्लेनडॅम्बो सोडलं की पुढचे २५४ किलोमीटर एकही पंप नाही. पुण्याहून निघून कोल्हापूर गाठायचं, आणि वाटेत चहाची टपरीही नाही!

कॅरव्हॅन (मागे जोडलेलं चाकांवरचं घर) ओढणारी डिझेल गाडी शंभर किलोमीटरला १६ ते २० लिटर पिते, समोरून वारा असेल तर २५. म्हणजे या टप्प्याला ६५ लिटर तरी हवेत. मर्यादा ताशी ११० ची असली तरी ९० वरच राहावं. डिझेल वाचतं आणि कॅरव्हॅनही ताब्यात राहते.

खरी गोची वजनाची. कॅरव्हॅनच्या पाण्याच्या ८० लिटरच्या दोन टाक्या भरल्या की १६० किलो झाले, आणि बऱ्याच कॅरव्हॅनना एकूण सामान चालतं ३००-४०० किलोच. त्यात गॅस सिलिंडर, जादा बॅटरी, शिवाय आपली कणीक-तांदळाची हौस. सगळं भरून एकदा काट्यावर नेणं उत्तम. टो-बॉलवर, म्हणजे कॅरव्हॅन जोडायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा यायला हवा. जड सामान मागच्या टोकाला कोंबलं की तो कमी होतो आणि कॅरव्हॅन डोलायला लागते. अशा वेळी गाडीचा ब्रेक मारू नये. ॲक्सिलरेटर सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि गाडीतल्या ब्रेक-कंट्रोलरवरून हाताने फक्त कॅरव्हॅनचे ब्रेक लावायचे.

चाकांचे नट पहिल्या ५०-१०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत. दर थांब्यावर प्रत्येक हबजवळ (चाकाच्या मध्यभागाजवळ) हात न्यावा. एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेला असेल, तर बेअरिंग जातंय किंवा ब्रेक घासतोय.

रोडट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर ओढणारा ट्रक, ५३.५ मीटरपर्यंत लांब असते. ती मागून येत असेल तर यूएचएफ रेडिओच्या ४० नंबर चॅनेलवर बोलावं, वेग आणि लेन बदलू नये. ती शेजारी आली की थोडा वेग कमी करावा. सौजन्य म्हणून खडीत उतरू नका, दगड उडतात. आणि सूर्य मावळायच्या आत मुक्काम. कांगारू संध्याकाळी आणि पहाटे रस्त्यावर येतात.

कूबर पीडीत १९१५ मध्ये ओपल सापडलं, तेव्हापासून जमीन चाळणी झालीय. पांढऱ्या मातीच्या ढिगांशेजारी उघडे, खोल शाफ्ट (खाणीचे उभे खड्डे) असतात. फोटो काढताना मागे सरकू नका, मुलांचा हात सोडू नका. ढिगात ओपल शोधायला इथे नूडलिंग म्हणतात. ते सार्वजनिक जागेतच करावं, कुणाच्या क्लेमवर (खाणकामासाठी नोंदवलेल्या जागेवर) परवानगीशिवाय पाऊलही ठेवू नये.