अण्णा, झाली!

बुधवार, रात्रीचे पावणेबारा.

दुपारी दीडला फोन आला तेव्हा मी नुकताच डबा उघडला होता. आधी नुसता कल्ला, मग आईंचा आवाज, "गो, मनूक शी झाली!" मागे कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. फोन काकीकडे गेला, मग याच्याकडे, शेवटी मनूकडे. "आई, मी केली. खूप मोठ्ठी." मी "शाब्बास गं बाय माझी" म्हटलं, डबा तसाच मिटला आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले.

आनंदाने, असं दिवसभर स्वतःला सांगून पाहिलं. नाही पटलं.

आठ महिने झाले. गणपतीत ताप आला, त्यानंतर शीचा एक खडा झाला, थोडं रक्त आलं, आणि बाईसाहेबांनी ठरवलं की आता हे काम करायचंच नाही. कपाट आणि भिंतीच्या मधल्या बोळात जाऊन टाचा उचलून उभी राहायची, पायाला पाय घट्ट लावून, तोंड लालबुंद. आम्हाला वाटायचं कुंथतेय. "हां, लाव जोर, लाव!" असं आम्ही घरभर ओरडायचो. ती जोर लावतच होती, पण आत धरून ठेवायला. हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. दोन महिने आम्ही तिच्या धरून ठेवण्याला टाळ्या वाजवत होतो.

मग शाळेतून चिठ्ठ्या सुरू झाल्या, चड्डी खराब करते म्हणून. मला वाटलं जुलाब. मग वाटलं हट्ट. खडा आत अडून बसलेला असतो, त्याच्या कडेने पातळ शी पाझरत राहते आणि पोरीला पत्ताही नसतो, हे मला कुठे माहीत होतं? आतडं ताणून ताणून जुन्या चड्डीच्या इलॅस्टिकसारखं सैल पडतं, लागल्याची जाणीवच जाते. माहीत असतं तर त्या दिवशी माझा हात... जाऊ दे. साबणाच्या वडीचा प्रयोगही जाऊ दे. तिघांनी धरलं होतं तिला.

तर आठ महिने. डॉक्टरांकडे गेल्यापासून रोज पाण्यात पावडर. पॉलिइथिलीन ग्लायकॉल हे नाव आता मी झोपेतही सांगेन. ती अंगात जवळजवळ शोषली जात नाही, पाणी धरून ठेवते आणि शी मऊ करते, एवढंच तिचं काम. पण "सवय लागेल हो पोरीला" असं चार जणांनी म्हटल्यावर मी तिसऱ्या आठवड्यात बंद केली आणि सगळं पुन्हा मूळपदावर. सवय लागत नाही, उलट लवकर थांबवलं की खडा परत येतो, महिनोन्‌महिने द्यावी लागते, हे डॉक्टरांनी दुसऱ्यांदा सांगितलं. जरा आवाज चढवूनच. शिवाय दुधाच्या बाटल्या कमी केल्या, काळ्या मनुका भिजत घातल्या (मनूला मनुका, हा विनोद घरात आता कुणी करत नाही). जेवणानंतर पोट आपोआप हलतं, म्हणून जेवण झालं की पाच-दहा मिनिटं बसवायचं. गुडघे कमरेच्या वर यावेत म्हणून कमोडसमोर दोन पाट एकावर एक. हातात साबणाच्या फुग्यांची डबी, कारण फुंकर मारताना खालचे स्नायू सैल सुटतात. आणि समोर उलट्या बादलीवर मी. झाली तर कालनिर्णयवर त्या तारखेला माझी एक लाल टिकली. नाही झाली तरी नुसतं बसल्याबद्दल छोटी काळी. दुधाचा हिशोब, संकष्टी आणि टिकल्या. पाहुण्यांना वाटतं मी काहीतरी व्रत करतेय.

आणि शी झाली कुठे? कुडाळला. तिसऱ्याच दिवशी. परसातल्या संडासात, मी तीनशे मैलांवर असताना.

आता श्रेयवाटप ऐका. आई म्हणतात गावचं पाणी. काकी म्हणते फणस, काल अकरा गरे खाल्ले म्हणे. हा म्हणतो, "ती रिलॅक्स झाली गं इथे." म्हणजे इथे कोण रिलॅक्स होऊ देत नव्हतं? संध्याकाळी आईचा फोन, माझ्या आईचा, तर ती म्हणे, "बघ, मी म्हणत होते ना." काय म्हणत होती ते मी विचारलं नाही. एकवीस पुड्या मोजून, प्रत्येकीवर वार लिहून मी बॅगेत भरल्या होत्या. त्यांचं नाव कुणी काढलं नाही. रविवारी, सोमवारी, मंगळवारी कोणी दिल्या असतील त्या? दिल्या, विचारलं मी. "हो गं, देतोय," एवढंच.

हे लिहिता लिहिता आत्ता हसू आलं. शीचं श्रेय मागायला निघालेली बाई! उद्या सत्कार ठेवा, शाल-श्रीफळ द्या.

तरी सल आहेच. तो पुड्यांचा नाहीये.

रात्री जेवणं आटोपल्यावर मी अण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, वेगळा फोन केला. विचारलं, तुम्ही तिला नक्की काय सांगितलंत? त्यांना प्रश्नच कळेना. "मी काय एक सांगूक नाय. ता आत बसला, मी भायर पायरेर बसलंय. मगे हाक मारल्यान, अण्णा, झाली."

दार लोटलेलं होतं का? होतं. किती वेळ? त्यांनी बघितलं नाही. ते सुंभ वळत होते.

तिकडे फ्लश नाही, हे मला आधीच सुचायला हवं होतं. बादली आणि तांब्या. इथे ती बाहेर पडल्याशिवाय आम्ही फ्लश ओढत नाही, पण वरच्या मजल्यावरचं पाणी डक्टमधून घोंगावत आलं की बसल्या बसल्या कानावर हात ठेवते. उकिडवं बसल्यावर वाट सरळ होते, पाटाची गरज नाही, तेही ठीक. या सगळ्याला कारणं आहेत आणि ती मी एकेक करून स्वतःला समजावली.

पण "अण्णा, झाली". मला ती रोज म्हणते, "आई, नाही झाली." तेही मी विचारायच्या आत. माझ्याकडे बघून. मी समोर दीड फुटावर बसलेली असते ना, तिच्या भुवया वाचत. भुवई हलली की माझा श्वास अडकतो. अडकत असणार. तिला दिसत असणार.

डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, शंभरात नव्वदहून जास्त मुलांना आत काही आजार नसतो, घाबरू नका. मी मान हलवली होती. घाबरले नाहीच असं मला आजपर्यंत वाटत होतं.

रविवारी परत येतील. इथे तोच कमोड, तोच डक्ट. खडा पुन्हा होऊ शकतो, पुड्या अजून कितीतरी महिने आहेत. बादली सध्या बाल्कनीत नेऊन ठेवली आहे, कपडे भिजवायला लागतेच.

साडेदहाला याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. हो, त्याचाच. फ्रिजवर ब्रिस्टलचा तो तक्ता लावलाय, १९९७ पासून जगभरचे डॉक्टर वापरतात तो, शीचे सात प्रकार. पहिला म्हणजे शेळीच्या लेंड्या, सातवा नुसतं पाणी. आठ महिने आम्ही एक नाहीतर सात. मी फोटो मोठा करून तक्त्याशेजारी धरला.

चार नंबर. केळ्यासारखी, गुळगुळीत, एक तडा नाही.

फोटो डिलीट करायला हवा. ऑफिसचा ग्रुप त्याच्या लगेच खाली आहे.