अकरा गोळे, लाल मेणाचे

डिसेंबरात आमच्या दुकानात लगीनघाई असते. दुकान म्हणजे मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या डेअरीचं, स्टार्कव्हिल गावातलं. इथलं एडम चीज 1938 पासून बनतंय. तीन पौंडांचा गोळा, वरून लाल मेण. नाताळात तो भेट द्यायची इकडे रीतच आहे. तिकीट परवडेना म्हणून पीएचडीच्या सुट्टीत मी कराडला न जाता काउंटरवर उभा होतो.

13 डिसेंबर 2022, मंगळवार. सकाळीच कळलं, माइक लीच गेले. विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे कोच, वय 61. रविवारी घरी तब्येत बिघडली, हवाई रुग्णवाहिकेने जॅक्सनला हलवलं. सोमवारी रात्री सगळं संपलं. हृदयाचं दुखणं.

फुटबॉल म्हणजे इथला, हेल्मेटवाला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. स्टेडियममधल्या घंटा तेवढ्या आवडायच्या. इथले प्रेक्षक चक्क गाईच्या गळ्यातली घंटा हातात धरून बडवतात. ऐकलं की आमचा गोठा आठवायचा.

वाटलं, आज गिऱ्हाईक कमी येईल. झालं उलटंच. चीजचं निमित्त, लोकांना बोलायचं होतं. आणि रडण्यापेक्षा हसणंच जास्त. एक बाई सांगत होत्या, पत्रकारानं सामन्याबद्दल विचारावं, तर हा गडी समुद्री चाच्यांवर बोलत सुटणार, नाहीतर कँडी कॉर्न ही गोळी किती भिकार आहे यावर. रांगेतल्या एकानं मागून भांडण काढलं, "सारखं आपलं पास, पास! दोन यार्ड हवेत तर सरळ पळा की!"

"आणि एलएसयूला लोळवलं ते?" बाई फणकारल्या. 2020 चा पहिलाच सामना, समोर गतविजेते लुइझियाना स्टेट विद्यापीठ, म्हणजे एलएसयू, 44-34. क्वार्टरबॅकनं, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या गड्यानं, पास टाकून 623 यार्ड काढले होते. पोरीचे दहावीचे मार्क सांगावेत तसे त्यांनी आकडे सांगितले.

एक म्हातारा शेतकरी कधीचा गप्प उभा होता. मला म्हणाला, "तुला कळतं का यातलं?" मी नकारार्थी मान हलवली. त्यानं सरळ माझ्यासमोरचे पाच लाल गोळे ओढले आणि काउंटरवर ओळीत मांडले, मध्ये वीतभर फट ठेवून. ही पुढची फळी. "बाकीचे या फटी बुजवतात. लीचनं उघड्या टाकल्या." मागे दोन गोळे. मग इकडे दोन, तिकडे दोन, पार कडेला. झाले अकरा, अख्खा संघ. कडेचे दोन गोळे त्यानं दोन्ही बाजूंनी आत घरंगळवले, एकमेकांना घासून जातील इतक्या जवळून. पाठलाग करणारे दोघे तिथे एकमेकांत अडकणार आणि आपला गडी मोकळा सुटणार. आट्यापाट्या खेळलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

"मोजक्याच चाली. पण त्याच, रोज," तो म्हणाला. "आडमुठा होता. टेक्सास टेक विद्यापीठानं हाकललं होतं त्याला." आणि मग, जवळजवळ कौतुकानं, "कॉलेजात फुटबॉल खेळलेलासुद्धा नाही. वकिलीची पदवी!"

हे मात्र मला दिवसभर पुरलं. आमच्याकडे वकिली सोडून कुणी आयोवातल्या छोट्याशा कॉलेजात खेळ शिकवायला गेला असता, तर बापानं उभं केलं नसतं. लीच गेले, आणि तिथेच हॅल मम्मी नावाच्या कोचसोबत त्यांनी ही पद्धत घडवली. एअर रेड म्हणतात तिला. आज तिचे तुकडे जिकडेतिकडे दिसतात.

लीचच्या घरच्यांच्या निवेदनात अवयवदानाचाही उल्लेख होता. एका मुलीनं फोनवर वाचून दाखवला, तेव्हा दुकानात फक्त फ्रीजची घरघर राहिली. म्हाताऱ्यानं नऊ गोळे परत ठेवले, दोन घेतले. पैसे दिले, गेला.

2 जानेवारीला संघ टॅम्पात इलिनॉयशी खेळला. त्या स्टेडियममध्ये खरंच चाच्यांचं जहाज आहे आणि त्या दिवशी आमच्या पोरांच्या हेल्मेटवर चाच्यांचा झेंडा. मी खोलीवर टीव्हीसमोर बसलो होतो. आमची पहिली चाल. पोरं लीचच्या मांडणीत उभी राहिली. मी ओळखली की! चेंडू कुणी उचललाच नाही. घड्याळ शून्यावर आलं, उशीर केला म्हणून पंचांनी पिवळा रुमाल टाकला.

इलिनॉयनं तो दंड घेतला नाही.